साइटवर चालतो, माणूस परतला की बंद: डेटा लॉगरच्या टेलिफोन मोडेमचं निवारण

तक्रार नेहमी एकाच साच्यातली असते. धरणाच्या पातळीचा किंवा घाटातल्या पर्जन्यमापकाचा लॉगर, म्हणजे मोजमापं आपोआप नोंदवून ठेवणारं यंत्र, टेलिफोन मोडेमला जोडलेला असतो. कंट्रोल रूममधून रोज ठरलेल्या वेळी फोन लागतो आणि डेटा उतरतो. एक दिवस फोन लागेनासा होतो. माणूस साइटवर जातो, लॅपटॉप लावतो, मोडेम पटकन ‘ओके’ म्हणतो, चाचणीचा कॉलही लागतो. माणूस परततो, आणि दोन-चार दिवसांत पुन्हा शांतता. मग मोडेम बदलला जातो, आणि नवीन मोडेमही तेच करतो.

या प्रकारात मोडेम क्वचितच बिघडलेला असतो. तुम्ही लॅपटॉप लावून जी अवस्था तपासता ती आणि तुम्ही गेल्यावर लॉगरसमोर मोडेम ज्या अवस्थेत उभा असतो ती, या दोन वेगळ्या असतात. वीज एकदा जाऊन आली की हा फरक उघडा पडतो. खाली लाइनबद्दलही लिहिलं आहे, पण मुख्य मुद्दा हाच आहे.

एक सूचना. मोडेमच्या कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर (लॅपटॉपवरून मोडेमशी बोलायच्या प्रोग्रॅममध्ये) त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. जिथे ० दिसेल तिथे शून्य समजा, ‘ओ’ अक्षर नाही.

कशालाही हात लावण्याआधी लॉगरमधला डेटा लॅपटॉपवर उतरवून घ्या. फोन बंद असला तरी लॉगर नोंदी घेतच असतो, आणि त्या त्याच्या मेमरीत असतात. बहुतेक लॉगरची मेमरी गोल फिरते, म्हणजे भरली की सगळ्यात जुनी नोंद पुसून नवीन लिहिली जाते. काही लॉगरांत प्रोग्रॅम पुन्हा भरला की मेमरी साफ होते. ऐन पावसाळ्यातल्या पातळीच्या नोंदी गेल्या तर त्या पुन्हा कुठूनही मिळत नाहीत. मोडेम दुरुस्त व्हायला एक दिवस जास्त लागला तर चालेल, नोंदी जाता कामा नयेत.

आधी कानाने ऐका

साइटवर निघण्यापूर्वी आपल्या मोबाइलवरून मोडेमच्या नंबरला फोन लावा आणि नुसतं ऐका. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावावा लागतो. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर तो नियम आहे. कंट्रोल रूममधून लँडलाइनवरून साइटच्या मोबाइल मोडेमला फोन लागत असेल, तर डायल स्ट्रिंगमध्ये (मोडेमला दिलेल्या नंबराच्या ओळीत) तो ० आहे का हे याच वेळी पाहून घ्या.

रिंग वाजत राहते आणि कोणी उचलत नाही: मोडेमला वीज नाही, ऑटो-आन्सर बंद आहे, किंवा रिंग मोडेमपर्यंत पोचतच नाही. लाइन मध्येच तुटली असली तरी एक्स्चेंज तुम्हाला रिंग ऐकवत राहतं, म्हणून ‘रिंग जाते आहे, म्हणजे लाइन ठीक आहे’ असा अर्थ काढू नका.

नेहमी बिझी लागतो: मोडेम उचललेल्या अवस्थेत अडकला आहे, लाइनच्या दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत, किंवा चौकीतला पॅरलल फोन नीट ठेवलेला नाही.

फोन उचलला जातो, पण शिट्टी ऐकू येत नाही: बहुधा तो मोडेमने उचललेलाच नसतो. आन्सरिंग मशीन आहे का, चौकीदाराने उचलला का, ते विचारा.

फोन उचलला जातो आणि एकसुरी उंच शिट्टी येते: ती २१०० हर्ट्झची, साधारण तीन-साडेतीन सेकंदांची. म्हणजे साइटवरची वीज, लाइन आणि ऑटो-आन्सर तिन्ही ठीक आहेत. आता दोष हँडशेकमध्ये (दोन मोडेमांच्या सुरुवातीच्या जुळवाजुळवीत), मोडेम आणि लॉगरमधल्या केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये शोधायचा. शिट्टीच्या मागे सतत करकर ऐकू येत असेल तर लाइनपासून सुरुवात करा.

शिट्टी सुरू होते आणि दोन-तीन सेकंदांत फोन कट होतो, हे लक्षण ओळखून ठेवा. त्याचं कारण बहुतेक वेळा लॉगरच असतो. ते पुढे येतं.

लाइन

साइटवर पोचल्यावर मोडेम काढा आणि त्याच रोझेट बॉक्सवर (भिंतीवरच्या फोनच्या डबीवर) साधा फोन लावा. डायल टोन ऐका, मग एक आकडा दाबून टोन थांबवा आणि शांतता ऐका. शांत लाइन म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू न येणं. करकर म्हणजे जोड गंजलाय किंवा ओला झालाय. घूंऽऽ असा जाड आवाज म्हणजे दोनपैकी एक तार कुठेतरी जमिनीला लागलेली असण्याची शक्यता मोठी.

मग मल्टिमीटर. फोन ठेवलेला असताना दोन तारांमध्ये साधारण ४८ व्होल्ट डीसी मिळायला हवेत. उचलल्यावर ते ६ ते १२ व्होल्टांवर येतात. प्रत्येक तार अर्थिंगच्या तुलनेतही मोजा. निरोगी लाइनवर एक तार ४८ च्या आसपास आणि दुसरी शून्याजवळ दिसते. दुसऱ्या तारेवर पाच-दहा व्होल्ट दिसत असतील किंवा आकडा स्थिर राहत नसेल तर गळती आहे, आणि मोडेमच्या सेटिंगमध्ये रात्र घालवण्यात अर्थ नाही. रिंग येताना याच तारांवर ७० व्होल्टांच्या आसपास एसी असतो, त्यामुळे उघड्या तारा हातात धरून दुसऱ्याला ‘फोन लाव’ म्हणू नका. आकाशात गडगडत असेल तर डीपी बॉक्स (लाइनचे जोड असलेली बाहेरची पेटी) उघडूच नका.

हिवाळ्यात चालणारी आणि जूनमध्ये मरणारी लाइन म्हणजे जोडातलं पाणी. नुसती पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडच्या पावसात एक हंगामही टिकत नाही. जेली भरलेले कनेक्टर मागून घ्या आणि जोड देताना स्वतः उभे राहा. डीपी बॉक्समध्ये मुंग्यांचं वारूळ किंवा मेलेली पाल सापडणंही नेहमीचंच. लाइनमनला ‘मोडेम चालत नाही’ असं सांगितलं तर तो तुमच्याकडेच बोट दाखवेल. त्याला ‘दुसऱ्या तारेवर जमिनीला बारा व्होल्ट येतायत’ असं सांगा. त्याच्या कामाची भाषा ती आहे.

त्या लाइनवर कॉल वेटिंग चालू असेल तर लेखी अर्ज देऊन बंद करून घ्या. मध्येच येणारी ती टिक कॅरिअर, म्हणजे दोन मोडेमांना जोडून ठेवणारा सततचा सूर, तोडते. पॅरलल फोनही काढून टाका. चौकीदाराला फोन हवाच असेल तर त्याच्यासाठी वेगळी सोय करावी. डेटा उतरत असताना कोणीतरी रिसीव्हर उचलतो आणि नोंदी अर्ध्यावर तुटतात, हे मी अनेक साइटवर पाहिलं आहे. त्यात चौकीदाराचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

लॅपटॉप आणि लॉगर यांतला फरक

लॅपटॉपवर टर्मिनल उघडलं की तो तुमच्या नकळत तीन गोष्टी करतो आणि लॉगर त्या करत नाही.

पहिली, डीटीआर. सीरियल पोर्टच्या नऊ पिनांच्या जोडणीत ४ नंबरची पिन मोडेमला सांगते की समोरचं यंत्र तयार आहे. टर्मिनल उघडलं की लॅपटॉप ही पिन वर उचलतो. अनेक लॉगरांचा पोर्ट मात्र तीनच तारांचा असतो: पाठवणं, घेणं आणि ग्राउंड. डीटीआरची तारच नसते. मोडेमचं सेटिंग &डी२ असेल, आणि कारखान्यातून ते बहुधा तसंच येतं, तर डीटीआर नाही म्हणजे फोन उचलायचाच नाही असं मोडेम ठरवतो. लॅपटॉप लावलेला असताना चाचणी कॉल उत्तम लागतो. लॅपटॉप काढून लॉगर लावला की रिंग वाजत राहते. उपाय &डी०, म्हणजे डीटीआरकडे दुर्लक्ष कर.

दुसरी, वेग. मोडेमला फोन आला की तो लॉगरशी कोणत्या वेगाने बोलतो? बहुतेक साधे मोडेम शेवटची एटी कमांड (‘एटी’ने सुरू होणारी सूचना) ज्या वेगाने आली तोच वेग धरतात. तुम्ही लॅपटॉपवरून १,१५,२०० ने सेटिंग केलं, सेव्ह केलं आणि निघालात. लॉगर ९६०० वर बसला आहे. फोन लागतो, कॅरिअर मिळतं, कंट्रोल रूमचा प्रश्न मोडेम १,१५,२०० ने लॉगरकडे ओततो आणि लॉगरला त्यातलं अक्षरही कळत नाही. कंट्रोल रूममध्ये ‘कनेक्ट झालं, उत्तर नाही’ अशी नोंद पडते. म्हणून टर्मिनलचा वेग, पॅरिटी आणि स्टॉप बिट (प्रत्येक अक्षर पाठवण्याची मांडणी) आधी लॉगरप्रमाणे ठेवा, मगच पहिली एटी टाइप करा, आणि सेव्हची कमांडही त्याच वेगाने द्या.

काही मोडेम वीज आल्यावर वेग विसरतात आणि पहिल्या एटीची वाट पाहत बसतात. लॉगर स्वतःहून एटी पाठवत नसेल तर ती वाट संपत नाही. अशा मोडेमसाठी लॉगरच्या सेटिंगमध्ये मोडेम इनिशियलायझेशन स्ट्रिंगची जागा आहे का पाहा. असेल तर वीज आल्यावर आणि रोज मध्यरात्री ती पाठवली जाईल असं करा. माझ्या मते ही सोय लॉगर विकत घेतानाच विचारून घ्यायची गोष्ट आहे.

तिसरी, बडबड. फोन आला की मोडेम लॉगरच्या पोर्टवर ‘रिंग’ असा शब्द पाठवतो, जोडणी झाली की ‘कनेक्ट’. लॅपटॉपवर तुम्ही ते शब्द वाचता आणि समाधान पावता. लॉगरला मात्र हा शब्द म्हणजे न कळलेली कमांड. तो इमानदारीने ‘एरर’ किंवा प्रश्नचिन्ह असं काहीतरी उत्तर पाठवतो. आता गंमत अशी की हँडशेक चालू असताना पोर्टवरून एक अक्षर जरी आलं तरी मोडेम समजतो की जोडणी रद्द करायची आहे, आणि फोन ठेवून देतो. शिट्टी सुरू होऊन दोन-तीन सेकंदांत कट होण्याचं कारण हेच. इको चालू असेल तर भर पडते: लॉगरने पाठवलेलं अक्षर मोडेम परत पाठवतो, त्यावर लॉगर पुन्हा उत्तर देतो, आणि दोघं एकमेकांशी तासन्‌तास बोलत बसतात. उपाय ई० आणि क्यू१: इको बंद, शब्द बंद.

कमांड

रॉकवेल किंवा कोनेक्झंट चिपचे मोडेम आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतात. त्यांच्यासाठी मी हा क्रम वापरतो. आधी

एटी&एफ

म्हणजे कारखान्याच्या स्थितीत ये. मग

एटी&वाय०

म्हणजे वीज आल्यावर ० नंबरचं प्रोफाइल उचल. ही ओळ अनेक जण विसरतात आणि सेटिंग सेव्ह असूनही लागू होत नाही. मग एका ओळीत

एटीई०एस०=१&सी१&डी०&के०\एन०%सी०क्यू१&डब्ल्यू०

एस०=१ म्हणजे पहिल्या रिंगला उचल. &सी१ म्हणजे कॅरिअर खरोखर असेल तेव्हाच कॅरिअर डिटेक्टची पिन वर कर. &के० म्हणजे फ्लो कंट्रोल (तारेवरून ‘थांब’, ‘पाठव’ असे इशारे) नको, कारण तीन तारांत ते शक्यच नाही. \एन० आणि %सी० म्हणजे एरर करेक्शन आणि कॉम्प्रेशन बंद. ते बंद का आणि केव्हा, ते पुढे आहे. क्यू१ शेवटाकडे ठेवला आहे, आणि &डब्ल्यू० त्याच ओळीत आहे, कारण क्यू१ लागू झाल्यावर मोडेम ‘ओके’ म्हणणं थांबवतो. ते पाहून मोडेम मेला असं समजू नका. पुन्हा बोलतं करायला न दिसणारं एटीक्यू०ई१ टाइप करून एंटर दाबा, मग एटी&व्ही ने सेव्ह झालेलं प्रोफाइल वाचा. वाचून झाल्यावर काही सेव्ह करू नका; वीज काढून घातली की मोडेम पुन्हा गप्प होईल.

यूएस रोबोटिक्सच्या मोडेमला ही ओळ जशीच्या तशी देऊ नका. तिथे अक्षरं तीच, अर्थ वेगळे. &के म्हणजे तिथे कॉम्प्रेशन, फ्लो कंट्रोलसाठी &एच, एरर करेक्शनसाठी &एम. तिथे &एच०&के०&एम० असं द्यावं लागतं. त्यांच्या बाहेरून लावायच्या मोडेमला मागे आठ छोटे स्विच असतात, आणि दूरच्या साइटसाठी मला ते फार आवडतात, कारण हाताने केलेलं सेटिंग वीज गेल्याने पुसलं जात नाही. १ खाली म्हणजे डीटीआरकडे दुर्लक्ष. ३ वर म्हणजे शब्द बंद. ४ खाली म्हणजे इको बंद. ५ वर म्हणजे ऑटो-आन्सर. ७ वर म्हणजे वीज आल्यावर कारखान्याचं नव्हे, तर सेव्ह केलेलं सेटिंग उचलणं. ८ वर केला तर मोडेम एटी कमांड ऐकतच नाही. सगळं सेट करून झाल्यावर तो वर करता येतो, पण पुढे येणाऱ्या सहकाऱ्यासाठी पेटीत तशी चिठ्ठी लावा. हे स्विच मोडेम चालू होताना वाचले जातात. चालू मोडेमवर स्विच हलवून काही बदललं नाही म्हणून गोंधळू नका.

मग खरी परीक्षा. लॅपटॉप काढा. लॉगरची केबल लावा. मोडेमची वीज काढून मिनिटभर थांबा, पुन्हा घाला. आता कंट्रोल रूमला फोन करून पूर्ण डेटा उतरवायला सांगा. मग लॉगर आणि मोडेम दोघांचीही वीज एकदम काढून घाला आणि पुन्हा उतरवायला सांगा. या दोन्ही वेळा डेटा आला तरच साइट सोडा.

केबलची एक सोपी तपासणी

मोडेमबरोबर आलेली सरळ केबल लॉगरला लावून काहीच होत नाही, असं बऱ्याचदा घडतं. लॉगरचा पोर्ट कॉम्प्युटरला थेट लावण्यासाठी केलेला असेल तर तोही मोडेमसारखाच वागतो, आणि दोघं एकाच तारेवर बोलतात. मल्टिमीटर डीसीवर ठेवा. केबल काढलेल्या लॉगरच्या पोर्टवर काळी प्रोब ५ नंबरच्या पिनवर, लाल आधी २ वर, मग ३ वर. ज्या पिनवर साधारण उणे ५ ते उणे १० व्होल्ट दिसतील ती त्या यंत्राची बोलण्याची पिन. तेच मोडेमच्या बाजूला, केबलच्या टोकावर करा. दोघांची बोलण्याची पिन एकच निघाली तर २ आणि ३ उलटवलेली केबल हवी. वेगवेगळी निघाली तर सरळ केबल बरोबर आहे. दोन्ही पिनांवर शून्यच दिसत असेल तर पोर्ट झोपलेला आहे किंवा जळला आहे. वीज वाचवणारे काही लॉगर पोर्ट झोपवून ठेवतात, तेव्हा त्याचं सेटिंग पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

जोडणी होते, पण डेटा तुटका येतो

लहान उत्तर नीट येतं, मोठी फाइल मात्र ठरावीक जागी तुटते. हे वेगाचं गणित आहे. लॉगर पोर्टवर ९६०० ने ओततो आहे आणि लाइनवर मोडेम २४०० नेच जोडले गेले आहेत. मोडेमची तात्पुरती मेमरी भरते, थांब म्हणायला तार नाही, आणि शेपूट सांडतं. लॉगरचा पोर्ट २४०० वर आणा, किंवा फ्लो कंट्रोलच्या तारा असलेली केबल घालून &के३ द्या. पावसाची आणि पातळीची नोंद काही मोठी नसते. दिवसभराच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी म्हणजे ९६ ओळी, त्या २४०० वरही आरामात उतरतात.

वेगाबद्दल माझं मत ठाम आहे. खेड्यातल्या लांब तांब्याच्या लाइनवर मोडेमला वाटेल तेवढा वेग घेऊ देऊ नका. ५६ हजारांच्या मोडेमला मोकळं सोडलं की तो हँडशेकमध्येच वीस सेकंद घालवतो, वरचा वेग पकडतो, पहिल्या करकरीत पडतो आणि पुन्हा जुळवाजुळव करत बसतो. व्ही.२२बिस, म्हणजे २४००, काही सेकंदांत जोडला जातो आणि आवाजातही टिकतो. कोनेक्झंटवर एटी+एमएस=व्ही२२बी, यूएस रोबोटिक्सवर एटी&एन३. ही कमांड सेव्ह व्हायला हवी, म्हणून वरच्या ओळीत &डब्ल्यू० च्या आधी घाला. त्याबरोबर एस१०=५० द्या. कॅरिअर क्षणभर गेलं तर फोन ठेवण्याआधी किती थांबायचं ते यातून ठरतं. आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो. मूळचा १४ म्हणजे दीड सेकंदाहूनही कमी.

आता एरर करेक्शन. लॉगर मॉडबस आरटीयू (यंत्रांमधली एक ठरावीक संदेश-पद्धत) बोलत असेल तर ते बंदच हवं. मॉडबस आरटीयूमध्ये संदेश संपला हे शांततेवरून कळतं: साडेतीन अक्षरांइतकी शांतता म्हणजे संदेश संपला. ९६०० वर ही शांतता जेमतेम ४ मिलिसेकंदांची. एरर करेक्शन चालू असलेला मोडेम अक्षरांचे गठ्ठे करून पाठवतो आणि दोन गठ्ठ्यांमध्ये याहून किती तरी मोठी फट पडते. लॉगरला अर्धाच संदेश पूर्ण वाटतो, तपासणीची बेरीज जुळत नाही, आणि तो गप्प बसतो. कंट्रोल रूममध्ये दिसतं ‘टाइमआउट’. कधी लागतं, कधी नाही, कारण गठ्ठा कधी अक्षरांच्या मध्ये तुटतो, कधी नाही. एरर करेक्शन दोन्ही टोकांना बंद करा. एकाच टोकाला बंद केलं तर दुसऱ्या टोकाचा मोडेम सुरुवातीला वाटाघाटीची अक्षरं पाठवतो आणि ती कचरा म्हणून लॉगरपुढे पडतात. काही मोडेम दोन्ही टोकांना बंद करूनही थोडी फट पाडतात. तेव्हा लॉगरमध्ये शांततेची मुदत वाढवायची सोय असेल तर ती वाढवा. कंट्रोल रूमच्या सॉफ्टवेअरमध्येही उत्तराची मुदत एक सेकंद असेल तर ती तीन ते पाच करा.

याउलट लॉगर साध्या मजकुराच्या ओळी पाठवत असेल आणि त्यात तपासणीची बेरीज नसेल, तर एरर करेक्शन चालूच ठेवा, म्हणजे \एन२. नाहीतर एका करकरीत पातळीचा ६१२ चा ६७२ होईल आणि कोणाला कळणारही नाही. फोन न लागणं त्याहून बरं.

कंट्रोल रूमची बाजू

‘नो डायलटोन’ आलं आणि फोन ईपीएबीएक्समधून (ऑफिसच्या अंतर्गत टेलिफोन बोर्डातून) जात असेल तर डायल स्ट्रिंगच्या आधी एक्स३ घाला. ऑफिसच्या बोर्डाचा टोन मोडेमला ओळखू येत नाही. बाहेरची लाइन घ्यायला आकडा लागत असेल तर त्यानंतर स्वल्पविराम द्या, म्हणजे मोडेम दोन सेकंद थांबेल. ‘नो कॅरिअर’ नेहमी पन्नास-साठ सेकंदांनी येत असेल तर एस७ वाढवा. हाक मारणाऱ्या मोडेमची ही मुदत नंबर डायल झाल्यापासून मोजली जाते आणि लांबचा कॉल जोडायलाच त्यातला बराच वेळ जातो.

अडकलेला मोडेम, वीज आणि वळवाची वीज

&डी० दिल्यावर एक धोका वाढतो. कॉल अर्धवट तुटला तर फोन ठेवायला लावणारी डीटीआरची तार आता नाही. कोनेक्झंटवर एस३० आणि यूएस रोबोटिक्सवर एस१९ हे रजिस्टर काही वेळ डेटा गेला-आला नाही तर फोन ठेवायला लावतात. पहिल्याचा आकडा दहा सेकंदांच्या पटीत, दुसऱ्याचा मिनिटांत. तुमच्या मोडेमच्या पुस्तिकेत एकदा पाहून घ्या आणि चार-पाच मिनिटं ठेवा. रोज एकदा मोडेमची वीज तोडणारा टायमर लावण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. वर सांगितलेली परीक्षा पास झालेल्या साइटवर तो जरूर लावा. परीक्षेआधी लावला तर रोज सकाळी तुम्हीच मोडेमला बिघडवत राहाल. लॉगरला रिले असेल तर टायमरऐवजी लॉगरनेच मोडेम चालू-बंद करणं उत्तम. सोलरवरच्या साइटवर बॅटरीही वाचते.

बॅटरी मोजायची ती मोडेम लाइनवर असताना. मोकळी असताना १२.६ दाखवणारी म्हातारी बॅटरी लोड आला की अकराखाली घसरते, मोडेम अर्धवट रीसेट होतो आणि कोणत्या अवस्थेत उठेल सांगता येत नाही.

मे-जूनच्या वळवात मोडेम जळतो तो बहुतेक वेळा टेलिफोनच्या तारेतून आलेल्या लाटेने. लाइनवर गॅस डिस्चार्ज ट्यूब असलेला प्रोटेक्टर हवाच, पण त्याचं अर्थिंग आणि लॉगरचं अर्थिंग एकाच ठिकाणी बांधलेलं हवं. वेगवेगळे दोन खड्डे असतील तर जवळपास वीज पडल्यावर दोन खड्ड्यांमध्ये हजारो व्होल्टांचा फरक पडतो आणि तो नेमका मोडेम-लॉगर केबलमधून वाट काढतो. मोडेम आणि लॉगरचा पोर्ट दोन्ही एकदम जळाले असतील तर नवीन मोडेम लावण्याआधी अर्थिंगची तार कुठे जाते ते चालत जाऊन पाहा.

तांबं जाऊन फायबर आलं असेल

सगळं वर्षानुवर्षं चालत होतं आणि लाइन फायबरवर गेली त्या दिवसापासून मोडेम जोडले जात नाहीत, ही तक्रार आता सर्वाधिक येते. फायबरच्या पेटीतून मिळणारी फोन लाइन म्हणजे आवाजाचे पॅकेट. माणसाला फरक कळत नाही, मोडेमला कळतो. आवाज दाबून लहान करणारा कोडेक (आवाजाचं आकड्यांत रूपांतर करण्याची पद्धत) असेल तर काहीच चालणार नाही. कंपनीकडे जी.७११ कोडेक मागा, सायलेन्स सप्रेशन बंद करून घ्या, आणि दोन्ही टोकांना व्ही.२२बिस सक्तीचं करा. इतकं केलं की छोटे कॉल बरेचदा निभावतात. पण दुसरी अडचण राहते. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळायची, फायबरची पेटी साइटच्या विजेवर चालते. घाटात पावसाळ्यात वीज गेली की फोनही गेला, आणि डेटा हवा असतो तो नेमका तेव्हाच. पेटीला लॉगरच्या बॅटरीवरून वीज द्या. तिचा व्होल्टेज ॲडाप्टरवर लिहिलेला असतो.

जीएसएम मोडेमवर जायचं असेल तर सिम घेण्याआधी विचारा की त्यावर डेटा कॉल, म्हणजे जुन्या पद्धतीचा सीएसडी, मिळतो का. बहुतेक ठिकाणी उत्तर ‘नाही’ असतं. यंत्रांसाठीची एम२एम सिम १३ आकडी नंबरांची असतात, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये नंबरची जागा दहा आकड्यांचीच असेल तर तेही पाहा. जीपीआरएसवर मोडेमला मिळणारा पत्ता बाहेरून हाक मारण्याजोगा नसतो. त्यामुळे कंट्रोल रूमने फोन लावायचा ही पद्धत सोडून साइटनेच ठरलेल्या वेळी सर्व्हरशी जोडायचं, किंवा कंपनीकडून खासगी एपीएन (मोबाइल नेटवर्कमधला आपला वेगळा मार्ग) आणि स्थिर पत्ता घ्यायचा.

सेटिंगची गाठ तिथेही तीच आहे. एटी+आयपीआर=९६०० देऊन वेग पक्का करा, ० म्हणजे आपोआप ओळखणारा ठेवू नका; एटीई० द्या; एटी&डब्ल्यू करा; वीज काढून घाला आणि मग तपासा. एटी+सीआरइजी? ला ०,१ किंवा ०,५ उत्तर यायला हवं, म्हणजे नेटवर्क मिळालं. एटी+सीएसक्यू चा आकडा दहाच्या खाली असेल तर अँटेना उंच करा. ९९ म्हणजे सिग्नल मोजताच आला नाही. पाठवताना हे मोडेम क्षणभर मोठा करंट ओढतात, काही मॉड्यूल तर २ ॲम्पिअरपर्यंत. बॅटरीपासून बारीक आणि लांब तार आणली असेल तर रेंज उत्तम असूनही मोडेम प्रत्येक पाठवणीला रीसेट होतो. तार जाड करा, आखूड करा, आणि मोडेमच्या टोकाशीच व्होल्टेज मोजा.